गर्भपाताची बातमी: किती आठवडे, कुठं, कुणी केला आणि कुठला कायदा?

उपसंपादक_रात्रपाळी

‘अवैध गर्भपात केंद्रावर छापा’ हा मथळा आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्याखाली काय नसतं याकडे लक्षच जात नाही. गर्भ किती आठवड्यांचा होता, ते नसतं. करणारा एमबीबीएस होता की आणखी कुणी, ते नसतं. जागेला मान्यता होती का आणि गुन्हा कुठल्या कायद्याखाली नोंदवला, तेही नसतं. असते ती पोलिसांची प्रेसनोट, औषधांच्या खोक्यांचा फोटो आणि शेवटच्या महिन्यातल्या पोटाचं कुठून तरी उचललेलं छायाचित्र.

वाचणारी बाई यातून एकच गोष्ट घेते: गर्भपात हा गुन्हा आहे. मग ती सरकारी दवाखान्यात जायचं टाळते.

मुळात कायदे दोन आहेत. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, म्हणजे एमटीपी, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. गर्भपात कुणी, कुठं आणि किती आठवड्यांपर्यंत करायचा हे तो सांगतो. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा गर्भाचं लिंग तपासणं, सांगणं आणि त्याची जाहिरात करणं यासाठी शिक्षा देतो. गर्भपात करायचा की नाही, हा त्याचा विषयच नाही. दोन्हींची मुळं महाराष्ट्रात आहेत. पहिल्याचा पाया घालणाऱ्या १९६४ च्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे मंत्री होते आणि लिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा आपल्या राज्यानं १९८८ मध्ये केला. तरीही आपल्याच बातम्यांमध्ये या दोघांची खिचडी होते.

हा धागा वार्ताहर, डेस्कवरचे लोक, आरोग्य कार्यकर्ते आणि डॉक्टरांसाठी काढतोय. अशा बातमीत काय विचारायचं, काय तपासायचं आणि काय अजिबात छापायचं नाही, हे नेमकेपणानं लिहा.

डॉ_तालुका

आठवड्यांपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो.

गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंध आला त्या दिवसापासून नाही. समजा पाळी १ जानेवारीला आली होती. लीप वर्ष नसेल तर १ मे रोजी १७ आठवडे १ दिवस होतात. २० आठवडे २१ मे रोजी आणि २४ आठवडे १८ जून रोजी पूर्ण होतात. बातमीत ‘पाच महिन्यांचा गर्भ’ असं मोघम लिहिलं की तो २० आठवड्यांच्या आतला की बाहेरचा हेच कळत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं सगळं त्यावरच तर अवलंबून आहे. तारीख आठवत नसेल तर सोनोग्राफीवरून वय काढतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत चूक चार-पाच दिवसांची निघते, दिवस वर गेल्यावर केलेल्या सोनोग्राफीत दोन आठवड्यांपर्यंतही निघू शकते. म्हणून ‘२४ आठवडे’ हा आकडा कुठल्या तपासणीवरून आला, हे विचाराच.

पद्धतींबद्दलही तेच. ९ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवसांपर्यंत, गोळ्यांनी होतो. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी, त्यानंतर २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० च्या चार. बाजारात एकाच पाकिटात मिळतात त्या याच पाच. आधी हिमोग्लोबिन, रक्तगट, तांबी बसवलेली आहे का आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे बघायचं. गर्भ नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत. उलट रक्तस्राव सुरू झाला म्हणजे ‘झालं’ असं बाईला वाटतं आणि पुढं नळी फुटते. शंभरातल्या तीन ते पाच जणींमध्ये काम अर्धवट राहतं किंवा होतच नाही. म्हणून पंधराव्या दिवसाची फेरतपासणी टाळायची नाही.

१२ आठवड्यांपर्यंत हातानं चालवायच्या सिरिंजनं, म्हणजे एमव्हीएनं, गर्भाशय रिकामं करता येतं. स्थानिक भूल पुरते आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. क्युरेट आत घालून खरवडण्याची जुनी पद्धत वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षं सांगतेय. बातमीत मात्र अजून सरसकट ‘क्युरेटिंग’ लिहिलं जातं.

वकिली_कोट

डॉक्टरांच्या आठवड्यांना कायद्याची चौकट जोडतो. एमटीपीची २०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि तेही नियम ३-ब मध्ये नमूद केलेल्या स्त्रियांसाठीच: बलात्कार किंवा घरातल्याच माणसाकडून झालेला अत्याचार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातला दोष, आपत्ती किंवा आणीबाणीची स्थिती. २४ च्या पुढं गर्भात गंभीर दोष असेल तरच, आणि तो वैद्यकीय मंडळानं ठरवायचा. मंडळानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी असेल तर पाच दिवसांच्या आत प्रक्रिया पूर्ण व्हायला हवी. हे दिवस नियमात लिहिलेले आहेत. त्यामुळे ‘मंडळाच्या अहवालाची प्रतीक्षा’ अशी बातमी करताना अर्जाची तारीख विचारा.

एमटीपीचं कलम ५ तर बातमीत कधीच दिसत नाही. बाईचा जीव वाचवण्यासाठी गर्भपात तातडीनं करणं गरजेचं असेल तर आठवड्यांची मर्यादा नाही, दुसऱ्या डॉक्टरच्या मताची अट नाही आणि मान्यताप्राप्त जागेचीही अट नाही.

आता धोरणाचा गाभा. आपल्याकडे बाईची इच्छा हे कायद्यानं मान्य केलेलं कारण नाही. तिच्या जिवाला किंवा शारीरिक-मानसिक आरोग्याला गंभीर धोका, गर्भातला दोष, बलात्कार, गर्भनिरोधक फसणं, यांपैकी काही आहे असं डॉक्टरचं प्रामाणिक मत व्हावं लागतं. कारण गर्भपात हा मूळ दंडसंहितेतला गुन्हा आणि एमटीपी हा त्याला दिलेला अपवाद. पूर्वी कलम ३१२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८८ आहे. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्यात येते. दीडशेहून जास्त वर्षांचं हे कलम नव्या संहितेत जवळपास जसंच्या तसं आलं आणि त्यावर वर्तमानपत्रांतून म्हणावी तशी चर्चाही झाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मृदुला_सा

नवऱ्याची सही लागतेच, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. कायद्यात आहे का ते?

वकिली_कोट

नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती, नमुना ‘क’ वर. बस्स. नवरा, सासू, आईवडील, कुणाचीही सही नाही. अल्पवयीन किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची संमती. २०२१ मध्ये गर्भनिरोधक फसण्याच्या कारणातला ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हा उल्लेख जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असा झाला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं २० ते २४ आठवड्यांचा लाभ अविवाहित स्त्रियांनाही दिला. डॉक्टरांनी कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रं, कोर्टाचा आदेश अशा कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत, हेही त्यात स्पष्ट आहे. बलात्काराच्या कारणासाठी एफआयआर झालेला असणंही आवश्यक नाही. या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कारही बलात्कार धरला जातो, हेही त्याच निकालात आहे.

औषध_दुकान

गोळ्यांबद्दल. या शेड्यूल एच मधल्या आहेत. डॉक्टरची चिठ्ठी बघायची, विक्रीची नोंद ठेवायची, बिल द्यायचं. एवढं केलं तर दुकानदारानं त्या ठेवण्यात काही बेकायदा नाही. पण २०१२ मध्ये परळीचं प्रकरण गाजलं, लिंगनिवडीच्या गर्भपातात बाई दगावल्याचं, आणि त्यानंतर औषध प्रशासनानं धडाका लावला तो या गोळ्यांवर. खरेदी-विक्रीचे हिशेब, नोटिसा, परवाने निलंबित. एका पाकिटामागं सुटणाऱ्या नफ्यासाठी कोण हा ताप घेईल? राज्यातल्या पुष्कळ दुकानदारांनी गोळ्या ठेवणंच सोडून दिलं. चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईला तीन दुकानं फिरवायला लावतात आणि प्रत्येक दुकानात ‘कशाला पाहिजे’ हे ऐकावं लागतं. मग तीच गोळी ओळखीतून, बिलाशिवाय, दुप्पट-तिप्पट भावानं मिळते. कशी घ्यायची हे सांगणारं कुणी नसतं.

‘गर्भपाताच्या गोळ्यांचा साठा जप्त’ ही बातमी करताना तीन गोष्टी विचारा: दुकानाचा परवाना चालू आहे का, खरेदीची बिलं आहेत का, चिठ्ठीशिवाय विक्री झाली याचा पुरावा काय. नुसता साठा असणं हा गुन्हा नाही.

डॉ_तालुका

याला जोडून. सोनोग्राफीत लिंग साधारण १२-१३ आठवड्यांच्या आधी खात्रीनं सांगता येत नाही. गोळ्यांची मर्यादा ९ आठवडे. मग लिंगनिवड रोखायला गोळ्या पकडायच्या, यात वैद्यकीय तर्क कुठं आहे? चिठ्ठीशिवाय मिळालेली गोळी १४-१५ आठवड्यांना घेतली जाते तेव्हा धोका वाढतो. गर्भ मोठा असतो, वार आत अडकते, रक्तस्राव थांबत नाही आणि बाई तालुक्याला पोचेपर्यंत हिमोग्लोबिन पाच-सहावर आलेलं असतं. गोळी डॉक्टरच्या हातून काढून घेतली की हे प्रकार वाढणारच.

२०१५ च्या स्थितीवरचा एक अभ्यास लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला होता, मुंबईची लोकसंख्याविज्ञान संस्थाही त्यात होती. देशात त्या वर्षी अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. दवाखान्यात झालेले फक्त २२ टक्के. आपण बातम्या करतो त्या बहुतेक छाप्यांच्या, आणि घडतंय ते इथं.

बीडकर_नीता

डॉक्टर, तुमचं गणित मान्य, पण एक बाजू राहतेय. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. राज्याचा आकडा १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. मुली आपोआप कमी झाल्या नाहीत. ऊसतोडीच्या पट्ट्यात, सांगली-कोल्हापूरसारख्या सधन पट्ट्यातही, मशीन गावात फिरत होतं. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले, तिथं दवाखाना चालवणाऱ्याकडं होमिओपॅथीची पदवी होती. अशा वेळी ‘बातमी जपून द्या’ म्हणणं म्हणजे या लोकांना मोकळं सोडणं होऊ नये. छापे पडलेच पाहिजेत आणि बातम्याही झाल्याच पाहिजेत.

आणि लिंग फक्त सोनोग्राफीतूनच कळतं असंही नाही. आईच्या रक्तातून गर्भाची गुणसूत्रं तपासता येतात, ती दहाव्या आठवड्यापासून.

उपसंपादक_रात्रपाळी

नीताताई, छापा पडू नये असं इथं कुणीच म्हणत नाही. म्हैसाळचंच बघा. अपात्र माणूस, मान्यता नसलेली जागा, बाईचा मृत्यू आणि लिंगनिदानाचा संशय, असे चार वेगवेगळे धागे तिथं होते. पात्रता नसताना किंवा मान्यता नसलेल्या जागी गर्भपात केला तर एमटीपीखाली दोन ते सात वर्षं सक्तमजुरी आहे. लिंगनिदानासाठी पीसीपीएनडीटीखाली पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. बातमीनं हे वेगळं करून सांगितलं असतं तर लोकांना कळलं असतं की गुन्हेगार नेमका कशासाठी गुन्हेगार आहे.

वकिली_कोट

नीताताईंच्या मुद्द्याला धरूनच. लिंगनिदानाचा पुरावा सोनोग्राफी केंद्राच्या कागदात असतो. प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीमागं फॉर्म एफ भरावा लागतो: कोणी पाठवलं, कारण काय, निष्कर्ष काय, आणि लिंग जाणून घ्यायचं नाही असं तिचं आणि सांगितलं नाही असं डॉक्टरचं निवेदन. खटले टिकतात ते या फॉर्ममधल्या त्रुटींवर, बनावट ग्राहक पाठवून केलेल्या कारवाईवर आणि नोंदणी नसलेल्या मशीनवर. रक्ताच्या तपासणीतून लिंग सांगणं हेही याच कायद्यात बसतं.

कोल्हापुरात मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवण्याचा प्रयोग झाला, त्याला आव्हान दिलं गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयानं २०११ मध्ये तो उचलून धरला. त्यावर वाद आहेत, कारण उपकरण चित्र साठवतं, डॉक्टर तोंडानं काय सांगतो ते नाही. पण निदान नजर मशीनवर होती.

अजून एक. पीसीपीएनडीटीत न्यायालय दखल घेतं ती प्रामुख्यानं ‘समुचित प्राधिकाऱ्या’च्या तक्रारीवर. आपल्याकडे जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक, तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. कारवाई फक्त पोलिसांची असेल आणि प्राधिकारी कुठंच नसेल तर खटला पहिल्याच तारखांना अडखळतो. वार्ताहरानं प्राधिकाऱ्याला फोन केला पाहिजे.

बीडकर_नीता

फॉर्म एफचा मुद्दा पटला. आमच्याकडच्या बातम्यांत त्याचं नाव वाचल्याचं आठवत नाही.

उपसंपादक_रात्रपाळी

आता काय छापायचं नाही ते. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, हा गैरसमज डेस्कवर खोल रुजलाय. ‘अमुक गावच्या आश्रमशाळेतली आठवीतली मुलगी, वडील वीटभट्टीवर’ एवढं छापलं की पंचक्रोशीला ती कोण ते कळतं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असा कुठलाही तपशील देता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, एक वर्षापर्यंत, आणि मालक-प्रकाशकही जबाबदार. सज्ञान पीडितेसाठी न्याय संहितेचं कलम ७२. आडवळणानं ओळख पटेल असंही काही देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलंय.

साध्या, कायदेशीर गर्भपातालाही गोपनीयता आहे. एमटीपीच्या कलम ५-अ प्रमाणे डॉक्टरनं नाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दवाखान्यात नाव फक्त प्रवेश नोंदवहीत असतं आणि ती वही गोपनीय. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, फेरतपासणीचं कार्ड, सगळीकडे फक्त अनुक्रमांक. संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत बंद पाकिटात, वर ‘गोपनीय’ असा शेरा. म्हणजे छाप्यानंतर कुणी तुमच्या हातात बायकांच्या नावांची यादी ठेवली तर ती बेकायदा बाहेर पडलेली आहे. ती छापू नका, व्हॉट्सॲपवर पुढं पाठवू नका, फोटो काढूनही ठेवू नका.

वकिली_कोट

अल्पवयीन मुलींच्या बाबतीत एक भर. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनं सोळा-सतरा वर्षांच्या मुली डॉक्टरकडे जातच नाहीत. २०२२ च्या निकालात वाट काढलीय: मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हे अनेकदा ठाऊक नसतं. निकालाची प्रत जवळ ठेवावी.

मृदुला_सा

कोर्टाच्या बातम्या वाचून तर आणखी गोंधळ होतो. कधी ३२ आठवड्यांना परवानगी, कधी २६ ला नकार.

वकिली_कोट

कारण मथळ्यात फक्त आठवडे येतात, कारण येत नाही.

२००८ मध्ये मुंबईच्या जोडप्यानं आणि डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितली. गर्भाच्या हृदयात दोष होता, तो २० आठवडे उलटून गेल्यावर कळला. न्यायालयानं नकार दिला. पण त्या खटल्याच्या बातम्यांनीच २० आठवड्यांच्या मर्यादेवर देशभर चर्चा सुरू झाली आणि तिला कायद्याचं रूप यायला २०२१ उजाडलं. जानेवारी २०२३ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. डिगे यांनी ३२ आठवडे उलटलेल्या गरोदरपणात परवानगी दिली. तिथं गर्भात गंभीर दोष होता, म्हणजे कायद्याप्रमाणे मर्यादाच नव्हती, आणि ‘फार उशीर झालाय’ हे मंडळाचं कारण न्यायालयानं नाकारलं. ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात २६ आठवडे होते, गर्भ निरोगी होता आणि बाईच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. तिला ९ तारखेला परवानगी मिळाली, ११ ला दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले, १६ ला सरन्यायाधीशांच्या खंडपीठानं नकार दिला.

एप्रिल २०२४ चं प्रकरण आपल्या राज्यातलं, चौदा वर्षांची मुलगी. मंडळानं तिला पुन्हा न तपासताच सुधारित मत दिलं, त्यावरून उच्च न्यायालयानं नकार दिला. सर्वोच्च न्यायालयानं नवं मंडळ नेमून २२ एप्रिलला परवानगी दिली, आणि पालकांचं मन बदलल्यावर २९ ला आदेश मागं घेतला. मंडळानं फक्त गर्भाकडे न बघता मुलीच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीवर मत द्यावं, असं निकालात आहे. बातमी मात्र ‘कोर्टाचा यू-टर्न’ अशीच चालली. या मुलीला इतक्या उशिरापर्यंत दवाखाना का गाठता आला नाही, हा प्रश्न कुणीतरी लावून धरायला हवा होता.

गॉलवेकर

बातमी नीट झाली तर काय होतं, त्याचं आयर्लंडमधलं उदाहरण बेळगावशी जोडलेलं आहे. सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या, गॉलवेत दंतवैद्यक. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांच्या असताना गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं. गर्भपाताची विनंती नाकारली गेली, कारण गर्भाचे ठोके सुरू होते. २८ ऑक्टोबरला रक्तातल्या जंतुसंसर्गानं त्या गेल्या. १४ नोव्हेंबरला आयरिश टाइम्सनं बातमी दिली. चौकशीत दोन्ही बाजू पुढं आल्या: संसर्गाची लक्षणं वेळेत ओळखली गेली नाहीत, आणि कायद्याच्या भीतीनं डॉक्टर थांबून राहिले. तिथली चांगली पत्रकारिता दोन्ही सांगत राहिली, फक्त सोयीचं एक नाही. २०१३ मध्ये मर्यादित कायदा आला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली बंदी हटवली. १ जानेवारी २०१९ पासून १२ आठवड्यांपर्यंत कारण न देता गर्भपात करता येतो, मध्ये तीन दिवस थांबावं लागतं.

म्हणजे कायदा १९७१ पासून आपल्याकडे होता, तरी कारण न विचारता १२ आठवडे ही तरतूद तिथं आहे, इथं नाही. धोरणाच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा.

डॉ_तालुका

त्याच प्रसंगात आपल्याकडे २० आठवड्यांच्या आत असल्यानं एका डॉक्टरचं मत पुरलं असतं, आणि जिवाला धोका दिसताच कलम ५ होतंच. निवासी डॉक्टरांना हे पाठ हवं. पाणी फुटून गेलंय, ताप चढतोय आणि ‘कोर्टाची परवानगी आणा’ असं कुणी म्हणू नये.

उपसंपादक_रात्रपाळी

बातमीखाली टाकायला छोटी चौकट तयार करूया. माझा मसुदा:

‘गर्भपात भारतात १९७२ पासून ठरावीक अटींवर कायदेशीर आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांच्या मतानं करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. शासकीय रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयातच जा. गर्भाचं लिंग तपासणं हा गुन्हा आहे.’

वकिली_कोट

खासगी रुग्णालयापुढं ‘मान्यतेचं प्रमाणपत्र, नमुना ब, दर्शनी भागात लावलेलं असतं’ एवढं घाला. सरकारी रुग्णालयाला ते लागत नाही.

डॉ_तालुका

आणि धोक्याची लक्षणं हवीतच: ‘सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, मिसोप्रोस्टॉल घेतल्यावर २४ तासांनंतरही ताप असेल, घेरी येत असेल, किंवा २४ तासांत रक्तस्राव सुरूच झाला नसेल तर लगेच रुग्णालयात जा. कुठल्या गोळ्या, कधी घेतल्या, हे डॉक्टरला खरं सांगा.’ शेवटचं वाक्य जागेअभावी कापू नका. बाई पोलिसांच्या भीतीनं गोळ्या लपवते आणि आम्ही रक्तस्रावाचं दुसरंच कारण शोधत बसतो.

औषध_दुकान

फोटोऐवजी ही चौकटच लावा. आमच्या दुकानातही छापून लावतो.